बदली परलोकात

बँकेत २२ वर्षे कारकुनी केल्यावर माणसाला दोनच स्वप्ने पडतात. एकात कॅश टॅली होत नाही आणि दुसऱ्यात बदलीचा हुकूम येतो. जपानी लोकांनी या दुसऱ्या स्वप्नाचा चक्क धंदा मांडला आहे. त्याला ते 'इसेकाई' म्हणतात. इसेकाई म्हणजे दुसरे जग. कोणीतरी साधासुधा नोकरदार, नाहीतर शाळकरी पोरगा, ट्रकखाली सापडतो आणि राक्षस-जादूगारांच्या भलत्याच मुलखात जाऊन पडतो. प्रवासभत्ता नाही, सामान हलवायला रजा नाही. मला पुण्याहून केदारखेड्याला धाडले तेव्हा निदान चहा-बिस्किटांचा निरोपसमारंभ तरी झाला होता! 'कोनोसुबा' नावाच्या गोष्टीतला पोरगा तर ट्रकही न लागता मरतो. समोरून येत असतो सावकाश चालणारा ट्रॅक्टर. हा त्याला ट्रक समजून नुसत्या धसक्यानेच जातो. भोकरदन तालुक्यात असे चालले असते तर आमच्या शाखेत खातेदार उरला नसता.

माझ्यासारखा बी.कॉम. माणूस या भानगडीत पडला तो चिरंजिवांमुळे. ते लातूरला अकरावीला आहेत. दर रविवारी फोन करायचा, 'जेवलास का' आणि 'टेस्टमध्ये किती' हे दोन प्रश्न विचारायचे, 'हो' आणि 'ठीक' ही दोन उत्तरे ऐकायची, की पाऊण मिनिटात पितृधर्म संपला. एकदा सहज विचारले, "अभ्यासाखेरीज वाचतोस काय रे?" त्याने मोबाइलवर एक चित्रकथा धाडली. ती वाचून मी हट्टाने तिची मूळ कादंबरी इंग्रजीतून मिळवली. तेव्हापासून आमच्यात दोन पक्ष पडले आहेत. तो चित्रांचा, मी अक्षरांचा.

तसे आपल्याला हे नवे नाही. राजा ककुद्मी रेवतीसाठी स्थळ विचारायला ब्रह्मलोकी गेला. तिथे गाणे चालू होते म्हणून जरासा थांबला, तेवढ्यात खाली पृथ्वीवर २७ चतुर्युगे उलटली. आमच्या काउंटरपुढे उभ्या राहणाऱ्यांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

जपानात मात्र हे काम घाऊक चालते. 'कादंबरीकार होऊ या' अशा अर्थाच्या नावाचे एक संकेतस्थळ २००४ पासून आहे. कोणीही तिथे प्रकरणामागून प्रकरण फुकट लिहावे. गाजले की प्रकाशक पुस्तक काढतो आणि पाठोपाठ चित्रकथा येते. नावे अगदी परिपत्रकातल्या विषयासारखी : 'मी कोळी झाले, तर मग काय?' किंवा 'माझा स्लाईम म्हणून पुनर्जन्म झाला त्या वेळची गोष्ट'. खाली 'संदर्भ : आपले पत्र क्रमांक' एवढेच काय ते राहिले आहे.

चित्रकथेचा पहिला गुण मला जालन्याहून येताना बसमध्ये कळला. गचका बसला की कादंबरीतली ओळ हरवते. चित्रातला ड्रॅगन बिचारा जागच्या जागी असतो.

दुसरा गुण मला एका शेतकरी मामांनी शिकवला. मिया काझुकी या लेखिकेची एक लांबलचक कादंबरी आहे. पुस्तकांखाली चिरडून मेलेली एक वाचनवेडी मुलगी एका गरीब शिपायाच्या घरी जन्मते. घरात पुस्तक सोडा, कागदाचा कपटाही नाही. ती मातीच्या पाट्या करते, त्या भट्टीत फुटतात. मग लाकडाच्या पट्ट्यांवर लिहिते, तर आई त्या सरळ चुलीत घालते. सुझुका या चित्रकर्तीने ते काळपट घर असे काढले आहे की धुराने डोळे चुरचुरावेत. जेवणाच्या सुट्टीत मी ते पाहत होतो. मामा माझ्या खांद्यावरून डोकावले. मी दोन वाक्यांत गोष्ट सांगितली.

"आवो सायेब," मामा म्हणाले, "सरपण नसंल तर ती बाई काय करंल?"

मला कादंबरी वाचताना आईचा राग आला होता. मामांनी चित्र पाहून खटला फिरवला.

कोळिणीच्या गोष्टीत मात्र मी चिरंजिवांना हार जात नाही. मूळ कादंबरीत एका बाजूला गुहेतली कोळीण आणि दुसऱ्या बाजूला तिच्या वर्गातली, माणूस म्हणून जन्मलेली पोरे. चित्रकाराने माणसांकडची बाजू बहुतेक गाळून टाकली. गोष्ट सुसाट पळते, हे कबूल. पण डबल एन्ट्रीतली जमेची बाजू फाडून टाकल्यावर ताळेबंद जुळायचा कसा?

स्लाईमचे दुखणे याहून खोल आहे. स्लाईम म्हणजे जेलीसारखा गोळा. गेल्या जन्मी तो एका बांधकाम कंपनीतला ३७ वर्षांचा अविवाहित नोकरदार होता. मरताना त्याला चिंता कसली, तर आपल्या कॉम्प्युटरमधले सगळे नष्ट करून टाका! (माणूस आपल्यातला वाटतो तो इथे.) पुनर्जन्मानंतर त्याला आधी डोळेही नसतात. कादंबरीत त्याच्याबरोबर आपणही अंधारात चाचपडतो. चित्रकाराला मात्र काहीतरी काढावेच लागते, कोऱ्या काळ्या पानाचा मोबदला कोण देणार? पुढे कादंबरीत तो नोकरदार पानोपानी बोलत राहतो, हिशेब करतो, मनातल्या मनात कुरकुरतो. चित्रातही तो बोलतो, नाही असे नाही, पण डोळे जातात ते त्या गुबगुबीत गोळ्याकडे.

"तो किती क्यूट आहे, बाबा!"

"अरे, तो ३७ वर्षांचा आहे."

"होता," चिरंजीव म्हणाले.

त्या 'होता'वर मला बराच वेळ काही सुचले नाही. चाळिशी ओलांडलेल्या कारकुनाचे चित्र निघत नाही, हे मला कोणी इतक्या थोडक्यात सांगितले नव्हते.

आणि ही चित्रे चालतात तरी कशी? वाचनवेड्या मुलीच्या कथेचा नुसता पहिला भागच ७ खंडांचा. दुसरा संपायच्या आत तिसरा आणि चौथा वेगळ्या चित्रकारांनी सुरू केला. एकाच कर्जाच्या फायली तीन टेबलांवर!

मागच्या रविवारी मी म्हणालो, "दुसऱ्या भागात त्या मुलीला आधीच्या जन्मातली आई आठवते, तिथे..."

"सांगू नका ना!" तो ओरडला. "मी चित्रांत तिथपर्यंत पोचलो नाही अजून."

"मग कादंबरी वाच."

"नको. ती रडताना दिसली पाहिजे मला."

मी सांगितले नाही. मग दिसण्याने रडू येते की वाचण्याने, यावर आम्ही भांडलो. त्याने मला कोळिणीचे तीन अध्याय पुन्हा पाहायला लावले, मी त्याला स्लाईमची चार पाने इंग्रजीतून वाचून दाखवली. माझ्या उच्चारांना तो यथेच्छ हसला. फोन ठेवला तेव्हा ४१ मिनिटे झाली होती, आणि 'जेवलास का' हे विचारायचे राहूनच गेले होते.