भद्रावतीहून ताडोब्याकडे

ताडोब्याच्या तलावाकाठी, एका विशाल वृक्षाखाली, तारू या गोंड पुरुषाचे स्थान आहे. वाघाशी झुंजताना त्याचा अंत झाला आणि पुढे तो या अरण्याचा देव ठरला, अशी आख्यायिका आहे. १९५५ मध्ये घोषित झालेल्या या राष्ट्रीय उद्यानाचे नावही त्याच्यावरूनच पडले, असे सांगतात. अरण्यात माणूस पाहुणा असतो, हे भान येथील आदिवासींनी असे देवस्थानातच जपले आहे.

भद्रावतीला केशरिया पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन अनेक जैन कुटुंबे मोहर्लीच्या प्रवेशद्वाराकडे वळतात. मुलांना सुटी असते म्हणून ही सहल बहुधा मे महिन्यात ठरते. पाणवठ्यांवर वाघ दिसण्याचा काळही तोच. परंतु चंद्रपूरचा पारा तेव्हा ४५ अंशांपलीकडे जातो.

येथे व्रतनियम आणि आरोग्य यांचा मेळ आधीच घालावा लागतो. दुपारची फेरी सूर्यास्ताच्या सुमारास संपते; निवासस्थानी पोहोचेपर्यंत चौविहाराची वेळ टळलेली असते. म्हणून नियम पाळणाऱ्यांना सकाळची फेरी सोयीची. मात्र चौविहार आणि नवकारशी दोन्ही पाळणारा मनुष्य जवळजवळ बारा तास पाण्याविना राहतो. त्याने आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी थोड्या थोड्या वेळाने भरपूर पाणी प्यावे आणि उकळून गार केलेल्या पाण्याची स्टीलची बाटली सोबत ठेवावी. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातलेले पेय उन्हात उपयोगी पडते. वृद्ध, गर्भवती आणि मधुमेही यांनी उपवासाच्या दिवशी वनफेरी टाळणेच योग्य. घाम थांबून अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले, तर तो उष्माघात समजावा. रुग्णाला सावलीत नेऊन ओल्या कापडाने अंग पुसत त्वरित रुग्णालय गाठावे.

पुढे हेमलकसा, भामरागडकडे जाणाऱ्यांची चिंता निराळी. गडचिरोली हा हिवतापाच्या दृष्टीने राज्यातील अतिसंवेदनशील जिल्हा. तेथील फाल्सिपॅरम हिवताप मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. या बाबतीत मच्छरदाणी हे अहिंसेला साजेसे साधन होय : जीवही मरत नाही आणि दंशही होत नाही. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. प्रतिबंधक औषधाबाबत निघण्यापूर्वीच वैद्यांना विचारावे.

हा ताप बहुधा एक-दोन आठवड्यांनी, म्हणजे कुटुंब घरी परतून दुकान-व्यवहारात गुंतल्यावर येतो. तेव्हा तो साधा समजून दिवस दवडले जातात, आणि धोका नेमका तेथेच असतो. ताप येताच त्याच दिवशी रक्त तपासावे आणि डॉक्टरांना न विसरता सांगावे : ‘आम्ही गडचिरोलीच्या जंगलात जाऊन आलो आहोत.’

वाटाड्याने सांगितल्याशिवाय गाडीतून पाय खाली ठेवू नये. सर्पदंश झाल्यास चिरा किंवा घट्ट दोरी नको; अवयव स्थिर ठेवून थेट रुग्णालयात जावे. भोवतालच्या गावांतील माणसे मोह व तेंदूपाने वेचण्यासाठी याच वनात रोज पायी जातात. त्यांच्या पोटासाठी जे अटळ आहे, ते धाडस पाहुण्याने हौसेखातर करू नये.