रिकाम्या टबाचा रकाना

भुयारी कोळसाखाणीची उत्पादकता मोजताना एकंदर टनांना हजेरीपटावरील पाळ्यांनी भागण्याची रीत आहे. वरिष्ठ कचेरीला हा भागाकार सोयीचा असला, तरी पाळीचे आठ तास भुयारात कोठे खर्ची पडले याचा थांगपत्ता त्यातून लागत नाही, आणि आकडा उतरला की ठपका लोडरच्या, म्हणजे कोळसा भरणाऱ्या मजुराच्या, अंगचोरीवर येतो. वर्धा खोऱ्यातील खाणींत व्यवस्थापक म्हणून वावरताना मला मात्र लोडर बहुधा रिकाम्या टबाची, म्हणजे रुळांवरून कोळसा नेणाऱ्या छोट्या गाडीची, वाट पाहत बसलेला दिसे. सुरुंग उडालेला, धूर निवळलेला, छताला टेकू दिलेले, कोळसा पायाशी पडलेला. टब तेवढा नाही, कारण वळणावर रूळ खचून तो घसरलेला, आणि रूळ बसवणारी टोळी दुसऱ्या खात्याच्या ताब्यात.

म्हणून हिशेब ठेवणाऱ्या मुनशीच्या वहीत एक रकाना वाढवला: टब केव्हा मागितला, केव्हा मिळाला. या नोंदीवरून कोणालाही जाब विचारायचा नाही, ही त्यातली मुख्य अट. कारण नोंदीच्या आधारे पहिला मेमो निघाला, की त्या दिवसापासून सर्व टब वेळेवर मिळू लागतात, अर्थात वहीत. शिस्तीच्या अभिमानी वरिष्ठांना माहिती आणि पुरावा यांतील हा भेद मानवणे कठीण गेले.

विलंब पाळीच्या आरंभी अधिक असे. आधीची पाळी आपली अडचण तशीच टाकून वर गेलेली असे. एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी १९५१ साली इंग्लंडमधील कोळसाखाणींविषयी प्रसिद्ध केलेल्या निबंधात हेच दुखणे वर्णिले आहे: यंत्रांबरोबर सर्व काम निभावणारी छोटी टोळी मोडली, एका पाळीने कापावे, दुसरीने कन्व्हेअर सरकवावा, तिसरीने भरावे अशी वाटणी झाली, आणि आधीच्यांची प्रत्येक उणीव भरणाऱ्यांच्या गळ्यात पडली. बॅमफर्थ स्वतः १८ वर्षे खाणीत राबलेला, म्हणून माझा त्याच्यावर विशेष विश्वास; व्यवस्थापनावरील पुष्कळशी व्याख्याने कोरड्या बुटांनी दिलेली असतात.

म्हणून आम्ही जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाळीच्या मायनिंग सरदारांची, म्हणजे टोळ्यांवर देखरेख करणाऱ्यांची, गाठ हजेरीघराऐवजी फेसवरच, जेथे कोळसा निघतो तेथेच, पडेल अशा वेळा जुळवल्या. यास कोणाची हरकत नव्हती. रूळटोळी पाळीचा कारभार पाहणाऱ्या ओव्हरमनच्या हुकुमाखाली देण्यावर मात्र पावसाळाभर पत्रव्यवहार चालला, आणि त्यातील एकही कागद रुळांविषयी नव्हता. अखेर असे ठरले, की माणसांची नावे आणि पगार मूळ खात्याच्याच दप्तरी राहावा, पण पाळी सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत ओव्हरमन धाडील तेथे त्यांनी जावे.