काळी वाळू आणि मनगटावरचं घड्याळ

जुनी टायटॅनियमची क्रोनोग्राफ घड्याळं जमवायचा मला नाद आहे. क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवतं आणि वर स्टॉपवॉचचंही काम करतं ते. यावरून घरी बोलणी खातो, तो भाग वेगळा. पण या नादातून कळलेली एक गोष्ट थेट आपल्या किनाऱ्याशी जोडलेली आहे, म्हणून लिहितोय.

टायटॅनियमचं पहिलं मनगटी घड्याळ जपानच्या सिटिझनने १९७० मध्ये काढलं. पहिला टायटॅनियम क्रोनोग्राफ स्वित्झर्लंडच्या आयडब्ल्यूसीचा, १९८० चा. हा धातू पोलादापेक्षा सुमारे ४० टक्के हलका, घामाने गंजत नाही. पण घडवायला महाकठीण! तापवला की हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होतो, कापायला घेतला तर हत्यारालाच चिकटतो. म्हणजे आपण पैसे मोजतो ते धातूपेक्षा तो घडवण्याच्या कसबाचे.

कारण टायटॅनियम दुर्मिळ नाहीच. ज्यातून तो निघतो ते इल्मेनाइट आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या काळ्या वाळूत आहे. लहानपणापासून आपण ती तुडवत आलोय.

आता गंमत बघा. याच सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला. नऊ वर्षांनी सिटिझन टायटॅनियमपर्यंत पोचली. आपण मात्र २०१६ मध्ये एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला.

आपल्याला जमतच नाही, असंही नाही. केरळात चवरा इथे २०११ मध्ये टायटॅनियम स्पंजचा कारखाना सुरू झाला, वर्षाला ५०० टन क्षमतेचा. तंत्र हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेचं, अगदी देशी.

किनारा खणा असं मी म्हणत नाहीये. तिथे मच्छीमारांची घरं आहेत, सुरूची बनं आहेत, आणि उपसलेला किनारा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. पण उद्या कुणी खाणीचा प्रस्ताव घेऊन गावात आलं, तर 'नोकऱ्या किती?' एवढ्यावर थांबू नका. वाळू इथून ट्रकने जाणार, की धातू इथे बनणार? आपल्या आयटीआयमधल्या पोरांना टायटॅनियम कापायला, वेल्डिंग करायला शिकवणार का? हे ग्रामसभेत विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

नाहीतर आपलीच वाळू घड्याळ होऊन परत येईल आणि माझ्यासारखे हौशी ती दामदुपटीने विकत घेतील.