बालीतला एक दिवस
मागच्या वर्षी आई-बाबांना बालीला नेलं. प्लॅन एकदम परफेक्ट, एक्सेलमध्ये! सकाळी गिटगिट धबधबा, दुपारी ब्रातान तलाव आणि काठावरचं उलुन दानू मंदिर. धबधब्याच्या पायऱ्या बघून आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या रे, मी बसते इथेच." तिचे गुडघे दुखतात, हे एक्सेलमध्ये नव्हतंच. बाबांचे आणि माझे फोटो छान आले, पण मजा नाही आली.

मंदिरात देवी दानू, पाण्याची देवी. याच तलावाच्या पाण्यावर खालची भातशेती होते, ड्रायव्हरने सांगितलं. आईने हात जोडले. "म्हणजे आपली गंगामाईच की!" तासभर ती काठावरून हलली नाही. पुढचे दोन स्पॉट मी गुपचूप डिलीट केले. पुढचा प्लॅन आधी आईला विचारून... असो.