दोन चमचे मऊ भात

पुणे,
कोजागरीनंतरचा दुसरा दिवस

प्रिय शकू,

परवा रात्री तू फोनवर रडत होतीस आणि मला धड एक वाक्य सुचलं नाही. तुझ्याकडे भर दुपार होती, मागे अण्णांच्या केअर होममध्ये जेवणाच्या ताटल्यांचा आवाज येत होता. फोन ठेवला आणि ठरवलं, हे लिहूनच पाठवायचं. सावकाश वाच. नाशिकला तुझ्या भावालाही पाठव.

तू विचारलंस, "हॉस्पिसला हो म्हणणं म्हणजे अण्णांवर पाणी सोडणंच ना गं?"

नाही शकू. मीही तसंच समजत होते, आणि त्या समजुतीची किंमत आईनं मोजली. म्हणून आधी आईचंच सांगते.

अण्णांसारखंच आईलाही डिमेन्शियाचं निदान झालं तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. पुढची आठ वर्षं आम्ही हाच विचार करत काढली की हिला काय आठवतं आणि काय नाही. हा आजार माणसाला नेतो, हे आठ वर्षांत कुणी आम्हाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मग तिला न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलात नेलं, आणि तिथं नाकातून नळी घातली. आई ती उपसून काढायची, म्हणून तिचे दोन्ही हात पलंगाच्या कठड्याला पट्टीनं बांधले. मी शेजारी बसून होते. ती माझ्याकडे बघायची, मग बांधलेल्या हाताकडे, मग परत माझ्याकडे. ते बघणं मी अजून विसरलेले नाही.

घरी आणल्यावर ओळखीतून एक पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर आले. खुर्ची आईजवळ ओढून घेतली आणि पहिला प्रश्न विचारला तो रिपोर्टबद्दल नव्हता. "आईंना काय काय आवडायचं?" मी सांगत गेले. मऊ भात, लोणकढं तूप, सकाळची रेडिओवरची भक्तिगीतं, केसांना तेल. मग ते म्हणाले, "हा मेंदूचा आजार आहे. आधी नावं जातात, मग चालणं, मग बसणं, आणि शेवटी गिळणं. त्या आता गिळणं विसरायला लागल्या आहेत." दादा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला वाट पुढे कुठं जाते ते दाखवलं होतं.

नंतर मी बरंच वाचलं. बॉस्टनच्या आसपासच्या नर्सिंग होममधल्या, आजार अगदी पुढं गेलेल्या ३२३ रुग्णांचा अठरा महिने मागोवा घेतलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले निम्म्याहून जास्त रुग्ण तेवढ्या काळात गेले. शंभरातल्या सुमारे शहाऐंशी जणांना खाण्यागिळण्याचा त्रास सुरू झाला होता. आणि एक गोष्ट मला फार लागली. पुढं काय होणार हे ज्यांच्या घरच्यांना नीट समजलं होतं, त्या रुग्णांच्या वाट्याला शेवटच्या तीन महिन्यांत हॉस्पिटलच्या खेपा, सुया, नळ्या कितीतरी कमी आल्या.

आपल्याकडे हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या काळात त्रास कमी करणारी शुश्रूषा, म्हटलं की कॅन्सरच आठवतो, आणि त्याला कारण आहे. लंडनला सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स सुरू केलं तिथून ही आधुनिक चळवळ निघाली. भारतातलं पहिलं हॉस्पिस म्हणजे वांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६ चं, तेही कॅन्सरच्या रुग्णांसाठी. आमच्या वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, तेही त्याच कामातून उभं राहिलं. डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या माणसाला मात्र बहुतेक वेळा घरच्या पलंगाचंच हॉस्पिस करावं लागतं. आम्ही तेच केलं. हवेची गादी आणली, दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचांखाली मऊ उशी. नर्सिंग ब्युरोकडून मावशी आल्या होत्या, त्यांचा हात फार हलका. डॉक्टर आठवड्यातून एकदा, आणि अडीअडचणीला फोनवर.

नळीबद्दल मात्र तुला सविस्तर सांगते, कारण तुझा भाऊ नळीसाठीच अडून बसलाय. दादाही तसाच अडला होता. "आईला उपाशी मारायचंय का तुला?" असं तो मला तोंडावर म्हणाला होता. ज्या घरात पाहुण्याला उपाशी पाठवत नाहीत, त्या घरात आईला नळी नको म्हणायचं, हे किती कठीण जातं ते मला माहीत आहे. पण आजार या टप्प्यावर आला की नळीनं आयुष्य वाढतं असं दिसून आलेलं नाही. ठसका लागून अन्न फुप्फुसात जाणंही तिनं थांबत नाही. उलट हात बांधावे लागतात, अस्वस्थपणा वाढतो, पाठीला जखमा होण्याचा धोका वाढतो. तुमच्या अमेरिकेतल्याच वृद्धांच्या डॉक्टरांच्या संघटनेनं, अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटीनं, २०१४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की अशा रुग्णांना नळी सुचवू नये, हातानं जपून भरवावं. हे भावाला वाचून दाखव. आणि हेही सांग की शरीर आवरतं घ्यायला लागलं की भूक आपोआप मिटते. अण्णा खात नाहीत म्हणून संपत नाहीयेत गं, शरीर संपत आलंय म्हणून त्यांना खावंसं वाटत नाही.

आणि भरवणं सोडायचं नाही! भरवणं हीच तर सेवा. आईला आधी ताठ बसवायचो, पाठीला उश्या लावून. हनुवटी किंचित खाली. चहाचा छोटा चमचा, तोही अर्धाच. पातळ पाण्यानं तिला ठसका लागायचा, पण पेजेसारखं दाटसर काही असलं की जायचं. गिळलं का ते गळ्याकडे बघायचं, गालात घास राहिला नाही ना ते बघायचं, मगच पुढचा चमचा. भरवून झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. आणि तिनं ओठ मिटले की थांबायचं. हे थांबणं मला सगळ्यात जड गेलं. कधी दोन चमचे व्हायचे, कधी पाच. पाच झाले की मावशी माझ्याकडे बघून हसायच्या. शेवटी शेवटी नुसते ओठ ओल्या कापडानं टिपायचो आणि वर बोटभर तूप लावायचो.

दुसरी गोष्ट दुखण्याची. अण्णा सांगू शकत नाहीत, म्हणजे त्यांना दुखत नाही असं नाही. त्यासाठी डॉक्टरांची एक मोजपट्टी असते. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि जवळ घेतल्यावर शांत होतात का, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे. आमच्या मावशींना मोजपट्टी माहीत नव्हती, पण कूस बदलताना आईच्या कपाळाला आठ्या पडल्या की त्या लगेच म्हणायच्या, "ताई, आजींच्या कमरेत दुखतंय." डॉक्टरांनी साधं पॅरासिटामॉल नियमित सुरू केलं आणि चार दिवसांत आईचं रात्रीचं ओरडणं थांबलं. आम्ही महिनोन्महिने त्या ओरडण्याला आजाराचा वेडेपणा समजत होतो. शकू, अण्णा संध्याकाळी चिडतात म्हणालीस ना, नर्सला सांग की आधी दुखणं तपासा, बद्धकोष्ठ तपासा, लघवी अडलीय का बघा.

आता तुझ्याकडचं. तिकडे हॉस्पिस मिळायला दोन डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं की आजार त्याच्या वाटेनं गेला तर सहा महिने किंवा त्याहून कमी उरलेत. डिमेन्शियात हे सांगणं अवघड. म्हणून ते बघतात की दिवसाला जेमतेम पाच-सहा शब्द उरलेत का, आधाराशिवाय चालता येत नाही का, आणि वर्षभरात न्यूमोनिया, जखमा, वजन उतरणं असं काही झालंय का. सहा महिने उलटले तरी घाबरू नकोस, तपासून मुदत वाढवतात. आणि मन बदललं तर कधीही बाहेर पडता येतं, ही सही जन्माची नाही. अण्णांना मेडिकेअर हा सरकारी विमा आहे, त्यातून नर्सच्या फेऱ्या, ज्या आजारासाठी हॉस्पिस घेतलं त्याची औषधं, पलंग, गादी, अंघोळ घालणारी बाई, सगळं येतं. घरी सांभाळणारे थकले तर सलग पाच दिवसांपर्यंत दुसरीकडे ठेवायची सोयही असते, पण ती घरी राहणाऱ्या रुग्णांसाठी. केअर होमचं भाडं मात्र त्यात बसत नाही, ते तुम्हालाच भरावं लागेल. आणि नर्स चोवीस तास बसत नाही. फोन चोवीस तास उचलतात, पण हात तुमचे आणि केअर होमच्या लोकांचेच.

एक सांगायचं राहिलंच. शेवटच्या क्षणी घाबरून ९११ लावू नकोस, हॉस्पिसला फोन कर. ॲम्ब्युलन्सची माणसं आली आणि छाती दाबू नये असा डॉक्टरांच्या सहीचा कागद समोर नसला, तर ती छाती दाबायला लागतील, तो त्यांचा नियम आहे. कागद दर्शनी जागी लावून ठेव.

आणि अण्णांचं इंग्रजी गेलंय म्हणालीस. पन्नास वर्षं तिकडे राहून आता ते फक्त मराठीच बोलतात. या आजारात मागाहून शिकलेली भाषा आधी जाते हे पुष्कळांच्या बाबतीत दिसतं. मग त्या परक्या नर्सला कसं कळणार? एक मोठा पुठ्ठा घे आणि इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द लिही, समोर अर्थ. दुखतंय. पाणी. थंडी. शू. आई गं. त्यांची हाक "अण्णा" आहे, मिस्टर अमुक नव्हे, हेही लिही. नर्सला तो शब्द नीट म्हणायला शिकव. हॉस्पिसमध्ये समाजसेविका असते, तिला आत्ताच सांगून ठेव की शेवटी तोंडात पाणी घालायचंय, तुळशीचं पान ठेवायचंय, देह लगेच हलवायचा नाही. आधी सांगितलं की ते बहुतेक मानतात.

मी स्वतःचं वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवलंय. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ च्या जानेवारीत रीत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी पुरते. आईच्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती. डिमेन्शियात हे निदान झाल्या झाल्या, माणसाला स्वतःचं समजतंय तोवरच करावं लागतं. तूही तुझं करून टाक.

आई गेली तेव्हा पहाट होती. हात मोकळे होते. दादा तिच्या पायाशी बसून पाय चोळत होता, मी केसांना तेल लावत होते. दादा मला नंतर काहीच म्हणाला नाही, पण तेराव्याला त्यानं मावशींना साडी दिली आणि वाकून नमस्कार केला.

सही कर, शकू. आणि संध्याकाळी जाशील तेव्हा डब्यात वरणभात कालवून ने. दोन चमचे गेले तरी पुरे. पुठ्ठ्यावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, "नको" हा शब्द लिही.

तुझी,
विजू