फेनवेच्या गल्लीतला 365 मिलियनचा वाद

बॉस्टनला जाताय? मग म्युझियम, हार्वर्ड, बंदरावरची सैर हे सगळं कराच. पण एक संध्याकाळ फेनवे पार्कसाठी ठेवा. तिथे बेसबॉल तर दिसेलच, शिवाय एक अस्सल बॉस्टनी भांडणही फुकटात ऐकायला मिळेल!

मॅचच्या दिवशी ग्रीन लाइनच्या गाडीने केनमोरला उतरायचं. पत्ता विचारायची गरज नाही. लाल-निळ्या टोप्यांचा लोंढा जिकडे चाललाय, तिकडे आपणही चालू लागायचं. चौकात सिटगो या पेट्रोल कंपनीची भलीमोठी झगमगती पाटी, हायवेवरचा छोटा पूल आणि मग लॅन्सडाउन स्ट्रीट. तव्यावर परतलेला कांदा-मिरची आणि सॉसेज यांचा वास नाकात शिरला की समजा, पोचलात.

फेनवे पार्क सुरू झालं 20 एप्रिल 1912 रोजी. म्हणजे टायटॅनिक बुडाल्यावर बरोब्बर पाच दिवसांनी. मेजर लीगमधलं हे सगळ्यात जुनं मैदान. आत शिरलात की पहिली प्रतिक्रिया हीच, 'अरे, एवढंसंच?' जेमतेम 37-38 हजार माणसं मावतात. आजूबाजूला रस्ते आणि इमारती, त्यामुळे मैदान जागा मिळेल तसं वाकडंतिकडं बसवलंय. डावीकडे रस्ता अगदी अंगावर येतो, म्हणून तिथे 37 फूट 2 इंच उंचीची हिरवी भिंत. तिचं नाव 'ग्रीन मॉन्स्टर'. तिच्यावरचा स्कोअरबोर्ड अजूनही माणसं हाताने आकडे लावून चालवतात.

पण आज आपण उजवीकडे बघायचंय. तिथल्या कोपऱ्यात पिवळा खांब आहे, 'पेस्कीज पोल'. तो बॅट्समनपासून फक्त 302 फुटांवर, पण तिथून कुंपण एकदम मागे पळतं ते थेट 380 फुटांपर्यंत. वर संध्याकाळचं ऊन डोळ्यांत. तिथे फिल्डिंग करायची म्हणजे गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रोडवरून बाइक काढण्यासारखं. ही जागा एका पोराने काही वर्षं अशी काही सांभाळली, की बॉस्टनकर अजून तिकडे बघून उसासे टाकतात. त्या पोराचं नाव मुकी बेट्स.

घरचा पोरगा

बेट्स मूळचा नॅशव्हिलचा. 2011 मध्ये बॉस्टन रेड सॉक्सने त्याला ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत उचललं. शरीराने किरकोळ, खेळायचा सेकंड बेसला. पण बॉस्टनच्या संघात ती जागा आधीच भरलेली, म्हणून त्याला आउटफिल्डमध्ये धाडलं. आउटफिल्डर म्हणजे आपल्या क्रिकेटच्या भाषेत सीमारेषेजवळचा फिल्डर. तिथे पठ्ठ्याने 2016 ते 2019 अशी सलग चार वर्षं उत्तम फिल्डिंगचं 'गोल्ड ग्लव्ह' मिळवलं. 2018 मध्ये तर कमालच. बॅटिंग सरासरी .346, अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा किताब, संघाचे 162 पैकी 108 विजय आणि वर्ल्ड सिरीज. फायनलला हरवलं कुणाला? लॉस एंजेलिस डॉजर्सला. हे नाव लक्षात ठेवा!

आता यातला पगाराचा भाग समजून घ्या, कारण वादाचं मूळ तिथेच आहे. आपल्याला ऑफिस आवडलं नाही की आपण नोटीस पिरियड मोजायला लागतो. बेसबॉलमध्ये तसं नाही. मेजर लीगमधली पहिली सहा वर्षं खेळाडू क्लबच्या ताब्यात. सुरुवातीला किमान वेतनाच्या आसपास मिळतं, मग पगारावर एकमत झालं नाही तर लवादापुढे सुनावणी होते. सहा वर्षं भरली की तो 'फ्री एजंट', जो जास्त देईल त्याच्याकडे जायला मोकळा. बेट्सने 2018 साली लवादात क्लबलाच हरवलं. क्लब म्हणत होता साडेसात मिलियन डॉलर, त्याला मिळाले साडेदहा. 2020 साठी आकडा ठरला 27 मिलियन. त्यानंतर तो मोकळा होणार होता.

मधल्या काळात क्लबने दीर्घ कराराच्या ऑफर दिल्या, त्याने नाकारल्या. त्याचं म्हणणं साधं होतं: हा धंदा आहे, माझी किंमत बाजारात ठरू दे. शेवटी बॉस्टनने दहा वर्षांचे 300 मिलियन देऊ केले आणि त्याने बारा वर्षांचे 420 मागितले, असं तेव्हा छापून आलं. फेब्रुवारी 2020 मध्ये रेड सॉक्सने त्याला थेट डॉजर्सना देऊन टाकलं. बरोबर डेव्हिड प्राइस हा महागडा पिचरही दिला, त्याच्या उरलेल्या पगाराचा अर्धा भार उचलून! बदल्यात आले तीन तरुण खेळाडू: अ‍ॅलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग.

मग आला करोना. हंगाम लांबला, स्टेडियमं रिकामी. हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, 22 जुलै 2020 ला बातमी आली: बेट्सने डॉजर्सबरोबर नवा करार केला. बारा वर्षं, 365 मिलियन डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण 2,700 कोटी रुपये. डॉजर्सकडून तोवर तो एकही अधिकृत मॅच खेळला नव्हता.

गेला की घालवला?

लॅन्सडाउन स्ट्रीटवर ब्लीचर बार नावाचा एक बार आहे, थेट स्टँडच्या पोटात. त्याच्या मोठ्या खिडकीतून मैदान दिसतं. तिथे बसा आणि शेजारच्या टेबलाला नुसतं विचारा, 'बेट्सचं काय झालं हो?' पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागणार नाही.

पहिला पक्ष म्हणतो, मालक कंजूष! फेनवे स्पोर्ट्स ग्रुप, म्हणजे लिव्हरपूल फुटबॉल क्लबचेही मालक. 'बिअरचे, पार्किंगचे भाव बघा आणि मग सांगा पैसे नव्हते म्हणून!' याच शहराने 1920 च्या जानेवारीत बेब रूथ विकल्याची बातमी वाचली होती. एक लाख डॉलरला तो न्यू यॉर्क यँकीजकडे गेला आणि बॉस्टनला पुढची वर्ल्ड सिरीज जिंकायला 2004 साल उजाडावं लागलं. इथल्या स्टॉरो ड्राइव्हवर 'रिव्हर्स कर्व्ह' म्हणजे वळणाच्या सूचनेची पाटी होती. कुणीतरी रंग मारून ती 'रिव्हर्स द कर्स' केली आणि संघ जिंकेपर्यंत ती तशीच राहिली. अशा गावात बरोबर शंभर वर्षांनी पुन्हा सगळ्यात लाडका खेळाडू द्यायचा?

दुसरा पक्ष तेवढाच तावातावाने म्हणतो, त्याला राहायचंच नव्हतं. बाजारात जाणार, बाजारात जाणार असं सांगत राहिला आणि लॉस एंजेलिसला पाच महिन्यांत सही ठोकली! मग आमच्याकडे का नाही? यावर पहिला पक्ष उसळतो: करोनाने बाजाराचाच भरवसा उडाला होता, हातात आलेलं कोण सोडेल? आणि 365 तुम्ही कधी देऊ केले होते?

तिसरा पक्ष एक्सेल शीटवाल्यांचा. बेसबॉलमध्ये पगारांवर कडक मर्यादा नाही, पण ठरावीक रेषा ओलांडली की कर बसतो. 2020 ला ती रेषा 208 मिलियनवर होती. बॉस्टनने 2018 आणि 2019 ला ती ओलांडलेली. सलग तिसऱ्या वर्षी ओलांडली असती तर कराचा मूळ दर 50 टक्के. रेषेखाली आलं की पाटी कोरी, पुन्हा 20 टक्क्यांपासून सुरुवात. 'शिवाय तो फ्री एजंट म्हणून गेला असता तर हाती काय आलं असतं? निदान तीन पोरं तरी मिळाली,' असा यांचा सवाल.

माझा एक डोंबिवलीचा मित्र बारा वर्षं तिकडे आहे, कोड लिहितो आणि रेड सॉक्ससाठी जीव टाकतो. तो या तिसऱ्या पक्षाचा. 'भावनेवर कंपनी चालत नाही,' असं तो मला ऐकवत होता. मी विचारलं, मग तुझ्या कपाटात अजून 50 नंबरचा बेट्सचा शर्ट कसा? 'तो वेगळा विषय आहे,' म्हणाला.

खरं तर विषय तोच आहे.

हिशोब काय सांगतो?

हिशोब मांडला तर डॉजर्सची चांदी. बेट्स आल्यावर त्यांनी 2020, 2024 आणि 2025 ला वर्ल्ड सिरीज जिंकली. 2023 च्या डिसेंबरात ओहतानीचा करार झाला 700 मिलियनचा, 2024 च्या डिसेंबरात सोतोचा 765 चा. त्यांच्यापुढे 365 म्हणजे जुन्या भावात घेतलेला फ्लॅट वाटायला लागला. बॉस्टन 2020, 2022 आणि 2023 ला आपल्या गटात तळाला. बदल्यात आलेल्या तिघांपैकी डाउन्सला 2022 संपताना सोडलं, व्हर्डुगोला 2023 च्या शेवटी चक्क यँकीजना दिलं. 2025 च्या हंगामात उरला होता एकटा वाँग.

पण थांबा, दुसऱ्या बाजूलाही मुद्दे आहेत. बेट्सशिवाय 2021 ला बॉस्टन लीगच्या फायनलपर्यंत पोचलं होतंच. आणि 2025 ला बेट्सची सरासरी घसरली .258 वर. वय 33 आणि करार 2032 पर्यंत! तेव्हा 'बघा, आम्ही सांगत होतो' म्हणणाऱ्यांनाही बळ आलं. बारा वर्षांच्या कराराची हीच गंमत, शेवटचा चेक फाटेपर्यंत वाद संपत नाही.

मला मात्र या सगळ्यात खटकली ती एक गोष्ट. निष्ठेचा हिशोब नेहमी खेळाडूकडेच मागितला जातो. त्याने बाजारभाव मागितला की तो पैशाचा लोभी. क्लबने त्याला तीन हजार मैल लांब धाडलं की ते नियोजन. आपल्या ऑफिसातही टाउनहॉलमध्ये 'वी आर अ फॅमिली' ऐकतोच की आपण, आणि अप्रेझलच्या खोलीत फक्त बजेट. फरक एवढाच, की आपल्या पगारावर बारमध्ये कोणी भांडत नाही.

आणि तरीही बॉस्टनकरांना थंड हिशोबी म्हणायची सोय नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये बेट्स डॉजर्सच्या कपड्यांत पहिल्यांदाच फेनवेवर खेळायला आला. पहिल्याच बॅटिंगला अख्खं मैदान उभं राहिलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत तिन्ही पक्षांची माणसं असणार. तो गेला की घालवला, यावर त्यांचं एकमत नव्हतं. तो आपला होता, यावर होतं.

क्लबला यातून अक्कल आली का? 2023 च्या जानेवारीत त्यांनी राफाएल डेव्हर्सला 313.5 मिलियन देऊन 'घरचा' ठेवला. जून 2025 ला त्यालाही सॅन फ्रान्सिस्कोला दिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोमन अँथनी या 21 वर्षांच्या आउटफिल्डरशी आठ वर्षांचा, 130 मिलियनचा करार केला, मेजर लीगमध्ये येऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले असताना. 'स्वस्तात सही केली' विरुद्ध 'आयुष्याची सोय झाली' अशी नवी भांडणं लगेच सुरू!

जायचं असेल तर: हंगाम साधारण मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर. मॅच नसेल तर मैदानाची गाइडेड टूर असते. तिकीट पेस्कीज पोलच्या बाजूचं मिळालं तर उत्तम, फक्त मान थोडी वळवून बसावं लागतं. उजव्या स्टँडमधल्या हिरव्या खुर्च्यांत एक एकटी लाल खुर्ची शोधा. टेड विल्यम्सने 1946 मध्ये मारलेला 502 फुटी होमरन तिथे पडला होता. आठव्या डावाच्या मध्यावर 'स्वीट कॅरोलाइन' लागतं, तेव्हा गाणं येत नसलं तरी उभं राहा. आणि बेट्सबद्दल मत विचारलं, तर आधी त्यांचं ऐकून घ्या. तुमची पाळी येईपर्यंत मॅच संपलेली असेल.