आंबट दुधाची वाटी



"उपाशीपोटी शाळेत येऊ नका रे," हे वाक्य मी तीस वर्षं वर्गात सांगितलं. पण माझ्या घरी काय चाललं होतं? माझी सकाळची शाळा सातची. मुलीच्या हातात चहा आणि दोन बिस्किटं द्यायची आणि धावत एसटी गाठायची. कितीतरी वेळा ती बिस्किटंही तशीच राहायची.

आता ती स्वीडनमध्ये असते. मागच्या वर्षी दोन महिने तिच्याकडे राहिले. पहिल्याच सकाळी सहा वर्षांच्या नातवाने फ्रीजमधून दुधासारखं एक खोकं काढलं आणि वाडग्यात पांढरं, दाटसर काहीतरी ओतलं. वर मूठभर म्युस्ली, चमचाभर लिंगनबेरीचा जॅम. मी म्हटलं, "अगं, सकाळी सकाळी थंड आणि आंबट? सर्दी होईल त्याला!" मुलगी हसली, "आई, इथली कितीतरी मुलं हेच खाऊन शाळेत जातात."

त्याचं नाव फिलम्योल्क, बोलताना नुसतं 'फील'. म्हणजे विरजलेलं दूध. दह्याहून पातळ, ताकाहून दाट, चवीला सौम्य आंबट. फ्रीज नव्हते तेव्हा दूध टिकवायची ही एक रीत होती.

एकदा मी तिथे सवयीने कोमट दुधाला दह्याचं विरजण लावून ओट्यावर ठेवलं. सकाळी बघते तर दूध पातळच! मुलीने मात्र दुधात दोन चमचे फील ढवळून तिथेच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ते छान दाट झालं. कारण सोपं आहे. योगर्टच्या जिवाणूंना ४०-४५ अंश ऊब लागते; फीलचे जिवाणू साधारण २० अंशांतच काम करतात. विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखी गोष्ट आहे ना?

पोषण म्हणाल तर जवळपास दुधाइतकंच. २०० ग्रॅम फीलमध्ये सुमारे ७ ग्रॅम प्रथिनं, शिवाय कॅल्शियम. दुधातली थोडी साखर जिवाणूच वापरतात. फक्त फळांच्या स्वादाचं घेतलं तर वेगळी साखर घातलेली असू शकते, म्हणून खोक्यावरचं वाचून घ्यायचं.

पण मला सगळ्यात भावलं ते हे, की नातू स्वतःचा नाश्ता स्वतः वाढून घेत होता. गॅस नाही, घाई नाही, आईची हाक नाही. मी तसं बोलले, तेव्हा मुलगी सहज म्हणाली, "आई, मला भूक असायची गं. तुला वेळ नसायचा."

त्यावर मी काय बोलणार?

पालकहो, आपल्याकडे फील शोधत बसू नका. घरचं दही आहे, पोहे आहेत. रात्री दोन्ही मुलांच्या हाताला येईल असं ठेवा आणि दहीपोहे त्यांनाच कालवू द्या. थोडं सांडेल. सांडू द्या. पण पोर उपाशी जाणार नाही.